छोट्या बाईंचा पहिला जामीन

९ जानेवारी

तुझा निरोप मिळाला. एकच ओळ होती, म्हणजे तुझ्या मानानं ऐसपैसच. "मुलीला या चिखलात तू ओढलंस." पुढे सहीसुद्धा नाही.

मी पत्र लिहितेय, कारण फोनवर आपण दोघं दुसऱ्याच वाक्याला आवाज चढवतो. मग माझ्यातली वकील जिंकते आणि तू फोन ठेवतोस. पत्रात निदान तुला मधेच तोडता येणार नाही. धरणाच्या कामावर पत्रं पोचतात ना? की तीही तुम्ही अडवून ठेवता?

तर ऐक. मी तिला ओढलं नाही. ती स्वतःहून आली. त्या सोमवारी मी ऑफिसात पोचले, तर अशिलांच्या खुर्चीत आपली लेक बसलेली. पायाशी मोठी बॅग. कारकूनकाका तिला चहा देत होते आणि माझ्याशी नजर मिळवत नव्हते.

"मी नोकरी सोडली," म्हणाली.

"कुठली?" मी विचारलं. जशा काही तिच्या चार नोकऱ्या होत्या.

"तीच. गार ऑफिसातली."

तीच, जिच्याबद्दल तू सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतंस. कंपन्यांचे करार वाचायचे, स्वल्पविराम हलवायचे आणि संध्याकाळी वेळेवर घरी जायचं. तिथे कुणी रडत नाही, कुणाच्या अंगाला कोठडीचा वास येत नाही. मलाही ती नोकरी आवडायची. तुला कधी सांगितलं नाही, एवढंच.

"इथे काय करणारेस?" मी विचारलं.

"तू करतेस ते."

"मी दुकान बंद करायला निघालेय. ऑफिसच्या मालकाला सांगूनही झालंय."

"मग बंद होईपर्यंत करते."

हा हट्ट कुणाकडून आला, यावर आपण पूर्वी पुष्कळ वाद घातलाय. पुन्हा नको.

मी खरंच थकलेय रे. दुपारनंतर आवाज बसतो. परवा साक्षीदाराला भलत्याच नावानं हाक मारली आणि बिचारा उत्तरंही देत राहिला. तीस वर्षांत माझ्याकडे कुणी खुशीनं आलेलं नाही. लग्न ठरलं म्हणून वकिलीणबाईंना भेटायला कोण येतं? येतो तो पडक्या चेहऱ्यानं, आणि सुटला तर रस्त्यात ओळख दाखवत नाही. त्याचंही काही चुकत नाही. मला पाहिलं की त्याला ते दिवस आठवतात.

तू काळजी करू नकोस. मी तिला कंटाळा आणायचं ठरवलंय. आरोपपत्रांच्या नकला, तुरुंगाच्या फाटकासमोरच्या रांगा, धूळ. वसंत सुरू व्हायच्या आत ती परत जाईल. हा माझा शब्द.


२ मार्च

माझा शब्द फुकट गेला.

पहिल्या दिवशी तुरुंगातून आल्यावर तिनं कोपरापर्यंत हात धुतले. मग हात धुतल्याचीच लाज वाटली. पुढच्या खेपेला नुसती बोटं धुतली. आता धुवायचं विसरते. खरं सांगू, मला ते धुतलेलेच बरे वाटत होते.

कारकूनकाका तिला "छोट्या बाई" म्हणतात. मी आपोआप मोठ्या बाई झाले. म्हणजे म्हातारी.

एकदा जेवताना म्हणाली, "आई, तू अशिलांना विचारत का नाहीस, केलंय का म्हणून?"

"विचारलं की ते उत्तर देतात," मी म्हटलं. "आणि मग ते उत्तर मला उशाला घेऊन झोपावं लागतं."

"मग तुला झोप लागते?"

मी ताट उचललं आणि आत गेले.

आता बातमी. तुझ्या लेकीनं पहिला जामीन मिळवला. माणूस बेकरीत भट्टी सांभाळायचा. मालकाशी कामाच्या वेळेवरून वाजलं, मालकानं काढून टाकलं, आणि पुढच्याच आठवड्यात बेकरीच्या गोदामाला आग लागली. तिथल्या रखवालदारानं सांगितलं, मी भट्टीवाल्याला गल्लीतून पळताना पाहिलं. झालं. आठ महिने आत. फाइल माझ्याकडे पडून होती. मी ती तिच्यापुढे टाकली, कंटाळा यावा म्हणून.

तर ही कारकूनकाकांना घेऊन दिवेलागणीला त्या गल्लीत गेली. रखवालदार जिथे उभा होता तिथे स्वतः उभी राहिली आणि काकांना म्हणाली, "पळा." त्यांचं पोट तुला आठवत असेल. तरी पळाले बिचारे. वरच्या खिडकीतून कुणीतरी "चोर, चोर" ओरडलं तेव्हा आणखी जोरात पळाले. हिला दिसलं काय? एक पाठ. काका आहेत हे ठाऊक असूनही काका वाटेनात.

हेच तिनं कोर्टात सांगितलं. साध्या भाषेत, हात न नाचवता. न्यायाधीशांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. ते चष्मा काढतात तेव्हा खरंच ऐकत असतात. सरकारी वकिलानं नेहमीचं तुणतुणं वाजवलं: आरोपी साक्षीदारावर दबाव आणेल, पळून जाईल. न्यायाधीशांनी अटी घातल्या. साक्षीदाराच्या आसपास फिरकायचं नाही, रोज चौकीत हजेरी द्यायची. आणि जामीन दिला.

मी मागच्या बाकावर होते. काहीतरी खाली पडलंय आणि मी ते शोधतेय, असं दाखवत मान खाली घालून बसले. डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

ऑफिसात काकांनी सगळ्यांना केक वाटला. अर्धा खाऊन झाल्यावर छोट्या बाईंनी खोक्यावरचं नाव वाचलं. फिर्यादीच्याच बेकरीचा! तिला इतकं हसू आलं की ठसका लागला. इतकी हसताना मी तिला तू गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

हे तुला टोचायला लिहीत नाहीये. पण तसं वाटलं तर वाटू दे.


१९ मार्च

हे तुला तिच्याकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं.

परवा सकाळी चौकीतल्या हवालदाराचा फोन आला. जुनी ओळख आहे, गड्याला गोलमोल बोलता येत नाही. "बाई, तुमच्या माणसानं रखवालदाराचं डोकं फोडलं."

भट्टीवाला भर दुपारी त्या गोदामाशी गेला. बोलाचाली झाली. रखवालदाराचीच काठी त्यानं ओढून घेतली आणि घातली. मग काठी टाकून त्यानंच त्याला खांद्यावर घेतलं आणि इस्पितळापर्यंत चालत नेलं. पोलीस आले तेव्हा इस्पितळाच्या पायरीवर बसलेला होता. पळाला नाही.

रखवालदार जगेल. डावा कान कायमचा गेला. जीभ जड झालीय, शब्द सापडायला वेळ लागतो.

मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." मग टेबलावरचे कागद एकावर एक ठेवले, काठ जुळवले, पुन्हा जुळवले. संध्याकाळी न सांगता इस्पितळात गेली. मागोमाग कारकूनकाका गेले, म्हणून पुढचं मला कळलं.

रखवालदाराची बायको बाहेर बाकावर बसली होती. जामिनाच्या दिवशी ती नवऱ्याबरोबर कोर्टात आली होती. तिनं हिला लगेच ओळखलं आणि सरकून बाकावर जागा करून दिली.

"त्या दिवशी तुम्ही छान बोललात हं," ती बाई म्हणाली. "मला सगळं समजलं नाही. पण छान बोललात. तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, हा आता सुटतोय."

त्यात टोमणा नव्हता, असं काका शपथेवर सांगतात. टोमणा असता तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी तिला माझ्या गुरूंनी मला सांगितलं होतं तेच सांगितलं. जामीन वकील देत नाही, कोर्ट देतं. पुरावा तेव्हाही कच्चा होता, आजही कच्चा आहे. आठ महिने माणसाला नुसतं कोंडून ठेवणं तेव्हाही चूक होतं. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. पूर्वी तू असाच बघायचास, माझं सगळं बरोबर असायचं तेव्हा.

मग भडकली. "मला नाही यायचं होतं इथे! तू कोर्टात चक्कर येऊन पडलीस म्हणून आले! काकांनी रडत फोन केला म्हणून आले!"

हं. जानेवारीत मी लिहिलं होतं की ती स्वतःहून आली. खोटं नव्हतं, पण अख्खंही नव्हतं. उलटतपासणी चालू असताना मी पडले. डॉक्टर म्हणाले रक्तदाब, विश्रांती, गोळ्या. गोळ्या घेतेय. तुला कळवलं नाही, कारण तू म्हणाला असतास, "मी सांगत होतो." किंवा काहीच म्हणाला नसतास. त्या दुसऱ्याचीच जास्त भीती वाटली.

दोन दिवस ती नीट जेवलेली नाही. मी भात मऊ करून दिला, तर म्हणाली, "मी आजारी नाहीये, आई." तिला फोन कर. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण तिच्याशी बोल.


११ एप्रिल

तू फोन केलास, बरं केलंस. तिनं सांगितलं की तू ओरडला नाहीस आणि बराच वेळ धरणाबद्दल बोलत होतास. भिंतीच्या आत माणसांना चालायला बोगदा असतो, हे मला इतक्या वर्षांत तू कधी सांगितलं नव्हतंस. तिकडे चार महिने राहायला ये म्हणालास तेव्हा मला काय वाटलं सांगू? सुटले असं वाटलं. तिची बॅग मी स्वतः भरली. स्वेटर वर ठेवले.

गुरुवारची गाडी होती. बुधवारी भट्टीवाल्याची बहीण आली. लाँड्रीत इस्त्री करते, मनगटावर जुने डाग आहेत. तीन वकिलांकडे जाऊन आली होती. साक्षीदाराचं डोकं फोडणाऱ्याला कोण उभं करतं? शेवटी आमच्याकडे.

मी म्हटलं, "माफ करा. मी नवं काम घेत नाही. सरकार वकील देईल."

"सरकारचा वकील त्याच्याशी बोलेल का हो?" तिनं विचारलं.

मला उत्तर ठाऊक होतं आणि तिलाही. ती उठली, खुर्ची जागेवर सरकवली. दारापर्यंत गेली, तेवढ्यात आतल्या खोलीतून तुझी लेक बाहेर आली. म्हणाली, "मी उद्या तुरुंगात जाते. त्याला सांगा."

घरी जे झालं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल.

"उद्या तुझी गाडी आहे," मी म्हटलं.

"परवा जाईन. किंवा नाही जाणार."

"दोन रात्री जेवली नव्हतीस त्याच्यापायी! त्या बाईच्या शेजारी बाकावर बसून आलीस. आणि आता परत त्याच्याच बाजूनं?"

"मग काय करू? तो बिनचूक माणूस असेल तरच मी बोलायचं? आता सोडलं, तर त्या दिवशी मी नुसती जिंकायला बोलले होते असं होईल."

"सगळे जिंकायलाच बोलतात, बाळा."

"तू पण?"

मी म्हटलं, सुरुवातीला नव्हते. आणि मग मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसावं लागलं. चक्कर नव्हती, घाबरू नकोस. नुसतं बसावंसं वाटलं. ती येऊन शेजारी बसली. आम्ही दोघी बराच वेळ नळाची गळती ऐकत होतो. तो नळ अजून तसाच आहे.

दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेले, पण बाहेरच्या बाकापर्यंतच. आतलं तिनं सांगितलं. जाळीपलीकडे तो मान वर करेना. तिनं त्याला सरळ विचारलं, जे मी जन्मात कुणाला विचारलं नाही.

"आग तुम्ही लावली होती?"

"नाही."

"मग त्याच्याकडे कशाला गेलात? अट होती ना?"

"विचारायला गेलो होतो. माझं नाव का घेतलंस म्हणून. तो म्हणाला, मालकानं घ्यायला लावलं, मला पोरंबाळं आहेत. मला म्हणायचं होतं, मलापण आहेत. ते तोंडातून निघेचना. मग काठीच हातात होती." मग तो म्हणाला, "मारलं ते मीच. त्यात तुम्ही काही खोटं बोलू नका."

म्हणजे बघ. जे केलं नव्हतं त्याच्यासाठी आठ महिने बसला, आणि बाहेर येऊन हे करून ठेवलं. तीस वर्षं मी म्हणत आले, खरं शोधणं हे माझं काम नाही. आता ते टेबलावर येऊन पडलंय आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. तिला कळतंय, असं ती म्हणते.

बॅग मी उपसली नाहीये. तीही नाही.


१४ डिसेंबर

दोन्ही खटले संपले. तू प्रत्येक फोनला "कुठवर आलं" विचारत होतास, म्हणून सविस्तर लिहिते.

रखवालदार साक्षीला आला. बायकोनं हात धरून आणलं. बेकरीचा मालक पहिल्या रांगेत बसला होता, कडक कपड्यांत. सरकारी वकिलानं रखवालदाराकडून जुनंच वदवून घेतलं: भट्टीवाल्याला पळताना पाहिलं. मग ही उठली. आधी टेबलाला वळसा घालून साक्षीदाराच्या उजव्या बाजूला गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याचा चांगला कान तिकडे होता.

मी असते तर त्याला सोलून काढलं असतं. अंधार किती, अंतर किती, पगार किती, मालकाच्या घरी कितीदा जाता. शेवटी तो हो म्हणाला असता का नाही, ते महत्त्वाचं राहिलं नसतं. माणूस खोटा दिसला की माझं काम भागायचं.

ही हळू आवाजात म्हणाली, "त्यानं तुम्हाला मारलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची शिक्षा त्याला होणार आहे. त्याबद्दल मी काही विचारत नाही. मी फक्त आगीबद्दल विचारतेय. तुम्ही चेहरा पाहिला होता?"

सरकारी वकील उठला, हा प्रश्न आहे की भाषण आहे म्हणून. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि त्याला हातानं बसवलं.

रखवालदार शब्द शोधतोय की धीर, ते कळेना. त्यानं मालकाकडे पाहिलं. मग बायकोकडे. तिनं नुसते डोळे मिटून उघडले.

"पाठ," तो म्हणाला.

"कुणाची?"

"ते... ते नाही ठाऊक. नाव मालकांनी सांगितलं."

मालक उभा राहून काहीतरी बोलू लागला. शिपायानं त्याला बाहेर नेलं. मी तीस वर्षं त्या खोलीत बसतेय. साक्षीदार फुटताना शेकडो वेळा पाहिलाय. हा फुटला नाही रे. त्याला फक्त ओझं खाली ठेवायला जागा मिळाली.

आगीच्या खटल्यात भट्टीवाला निर्दोष सुटला. मारहाणीच्या खटल्यात त्यानं "मारलं" म्हणून कबूल केलं. तिनं एवढंच मांडलं की तो पळाला नाही आणि त्यानं जखमी माणसाला उचलून नेलं. रखवालदाराबद्दल वावगा शब्द काढला नाही. चार वर्षांची शिक्षा झाली.

बाहेर व्हरांड्यात कुणी हिचं अभिनंदन केलं नाही. कशाचं करणार? भट्टीवाल्याची बहीण पोलिसांच्या गाडीमागे धावत गेली. रखवालदाराची बायको त्याला घेऊन आमच्यासमोरून गेली. थांबली. मला वाटलं, काहीतरी बोलेल. तिनं हिच्या कोटाच्या खांद्यावरची धूळ झटकली आणि पुढे गेली.

तिकडे यायचं ती विसरलेली नाही. "चार दिवस बाबांकडे जाऊन येते," म्हणाली. ती येईल तेव्हा तिला बोगद्यातून चालव. किंवा तूच इकडे ये. मी घरी नको असेन तर ऑफिसात झोपेन, मला सवय आहे. मी घरी असले तरी चालेल असं तुला वाटलं, तर तसं कळव. एका ओळीतच कळव, माझी तक्रार नाही.

कोर्टातून आम्ही सरळ ऑफिसात आलो. ती कोट, बूट सगळ्यासकट आतल्या बाकावर आडवी झाली आणि "आई, जरा पाठ टेकते," म्हणेपर्यंत झोपलीसुद्धा. तोंड उघडं, लहानपणी गाडीत झोपायची तशी. तिचे बूट काढावे म्हणून मी वाकले, तर नाडीची गाठ सुटेना. तशीच शेजारी बसून राहिले.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. काका नकला आणायला गेले होते, म्हणून मीच दार उघडलं. माझ्याच वयाची एक बाई होती. हातात पिशवी घट्ट धरलेली, चेहरा रडून सुजलेला. मुलाला सकाळी पोलीस घेऊन गेले होते.

"वकीलबाई आहेत का?" तिनं विचारलं.

तीस वर्षांत या प्रश्नाला मी दुसरं उत्तर दिलेलं नाही. तोंडात तेच आलं होतं.

"आहेत," मी म्हटलं, "पण हळू बोला. आत्ताच त्यांचा डोळा लागलाय. मी त्यांची आई. तुम्ही बसा, आधी पाणी प्या, आणि मला सांगा काय झालं."